कोरं पान कोणाचं

व्यंकट, तुझी केस निकाली निघाली. काल तुझं तेरावं झालं आणि आज दुपारी तुझ्या वकिलाचा फोन आला. तारीख आधीच लागलेली होती. त्यानं उभं राहून अर्जदार मयत झाल्याचं सांगितलं, मृत्यूचा दाखला पुढं केला. आता उरलं काय, असं न्यायाधीशांनी विचारलं. बदली रद्द करायची तर माणूस नाही, सेवापुस्तकातली ताकीद पुसायची तर सेवाच संपली. पाच मिनिटंही लागली नाहीत म्हणे. आणि ज्या प्रश्नासाठी तू अडीच वर्षं हेलपाटे घातलेस, त्याच्यासाठी निकालात शेवटी एक ओळ आहे. मुद्दा खुला ठेवण्यात येत आहे.

मी वकिलाला म्हणालो, खुला म्हणजे काय? तो म्हणाला, "म्हणजे पुढं कोणी केस केली तर बघतील." मग त्यानं दुसरा फोन येतोय म्हणून ठेवला.

पुढं कोण करणार आहे, व्यंकट? तुझं काय झालं हे या तालुक्यातल्या प्रत्येक मास्तरानं पाहिलंय.

काल तेराव्याला पंगतीत बसलो होतो. शेजारी तुझ्या मेहुण्यांकडचे कोणी पाहुणे होते. ते म्हणाले, मास्तर माणसाची हायकोर्टात कसली केस हो? मी सांगायला लागलो आणि मधेच थांबलो, कारण ती गोष्ट सांगायची तर मधे माझं नाव येतं. मी वाढप्याला वरण मागितलं. तू असतास तर हसला असतास. "सायब, नेमकं तितंच कसं वरण संपतंय तुमचं?"

सायब. नांदेडला डीएडला असताना मी तुझा मारत्या होतो. वजिराबादच्या त्या खोलीत एका कंदिलाच्या उजेडात आपण दोघं पाठाची टाचणं काढायचो. सराव पाठाला एकमेकांचा पाठ बघून शेरा लिहायचा असायचा. तू माझ्या पाठावर कसलीही भीड न ठेवता लिहायचास, "फळ्याकडं बघून बोलतो, पोरांकडं बघत नाही." मी तुझ्या पाठावर लिहायचो, "प्रयत्न चांगला. सुधारणेस वाव." तेव्हाच तू म्हणाला होतास, "मारत्या, तू सायब होनार बग. तुजा शेरा कोनालाच लागत न्हाई."

झालो. तू शिक्षकच राहिलास आणि मी केंद्रप्रमुख होऊन तुझ्या शाळेच्या भेटीला यायला लागलो. आमचं काम तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो. आम्ही महिन्यातून एखाद्या वेळेस शाळेत जातो, वर्ग बघतो, चहा होतो, कधी पोहे होतात, आणि निघताना मुख्याध्यापक शेरेबुक पुढं करतात. त्यात लिहायचं वाक्य सगळ्यांचं एकच असतं. परिसर स्वच्छ. विद्यार्थी नीटनेटके. अध्यापन समाधानकारक. सही. मला ते इतकं बसलं होतं की कित्येकदा पेन उघडायच्या आधीच वाक्य तयार असायचं. तू दारातून माझ्या मागं उभा राहून आधीच म्हणून दाखवायचास आणि मी तंतोतंत तेच लिहायचो. मुख्याध्यापक हसून हसून बेजार व्हायचे.

एकदाच मी वेगळं लिहिलं. तो दिवस मला आता रोज आठवतो, आणि त्या दिवशी मी किती खुशीत होतो हेही आठवतं.

तुझं ते गाव औसा तालुक्यातलं, भूकंपानंतर वसवलेलं. जुनं गाव ढिगाऱ्यात गेलं आणि तिकडं माळावर सरळ रेषा मारून नवं आखलं. आखताना ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर, कमी त्याला मधलं, आणि ज्याला जमीनच नाही त्याला एक खोली. मोठ्या माणसांना हे पाठ आहे म्हणून कोणी काढत नाही. लेकरं त्याच घरांत जन्मली, त्यांना वाटतं गावं अशीच असतात.

त्या वर्षी सरकारनं पाठ्यपुस्तकातच कोरी पानं शिवून दिली होती. दप्तर हलकं व्हावं, वेगळी वही लागू नये, धडा झाला की पुढच्या पानावर मुलांनी आपली नोंद करावी, असा बेत होता. बहुतेक शाळांत त्यावर प्रश्नोत्तरं उतरवली गेली, कुठं फुलं निघाली, कुठं ती पानं कोरीच राहिली. तुझ्या चौथीच्या वर्गात क्षेत्रफळ चालू होतं. पुस्तकातल्या उदाहरणात आयताकृती बाग होती. तू म्हणालास, "बाग कुटं हाय आपल्या गावात? घरं मोजू." आदल्या दिवशी पोरं फळ्याची मीटरपट्टी घेऊन पाळीपाळीनं घरोघर गेली. मागून वाढवलेलं बांधकाम सोडायचं, शेड सोडायचं, सरकारनं दिलेल्या मूळ भिंती तेवढ्या मोजायच्या. लांबी, रुंदी, गुणाकार, सगळं त्या कोऱ्या पानावर.

मी आलो तेव्हा तू उत्तरं फळ्यावर मांडत होतास. सगळ्या गावाची मिळून उत्तरं तीनच आली. पोरांना वाटलं, कुणीतरी कुणाचं तरी बघून लिहिलं. तू म्हणालास, न्हाई, बरोबर हायत. मग मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, आमचंच कामून एवढंसं हाय?"

तू खडू खाली ठेवलास. मला अजून दिसतं ते. तू इकडंतिकडं नेलं नाहीस. म्हणालास, "गाव नवं बसलं तवा जमीन बगून घरं दिली बाळ. तुज्या आज्याकडं जमीन नव्हती, म्हनून." मुलीनं मान हलवली आणि खाली बसून आपल्या पानावर ते लिहून घेतलं, उत्तराच्या खाली, वेगळी ओळ करून.

त्या दिवशी शेरेबुक पुढं आलं तेव्हा तू माझ्या मागं येऊन माझं वाक्य म्हणायला लागलास, आणि मी म्हटलं, थांब. मी लिहिलं, "क्षेत्रफळाचा पाठ पुस्तकातल्या कोऱ्या पानावर घेतला. मुलांनी स्वतःचं घर मोजलं. मुलं आज खरं गणित शिकली." तू ते वाचलंस. मला गाडीपर्यंत सोडायला आलास, तेव्हा म्हणालास, "मारत्या." इतकंच. कितीतरी वर्षांनी तू मला त्या नावानं हाक मारलीस, आणि परत कधी मारली नाहीस.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आबा महिन्याभरात कचेरीत अर्ज घेऊन आले. त्यांचं घर मोठ्यांपैकी, त्यांची नात तुझ्याच वर्गात. मी त्यांना बसवून विचारलं तर त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "सायब, नात घरी येऊन म्हनली, आबा, आपल्याला जास्त कामून दिलं? मी काय सांगू तिला? तीस-बत्तीस वर्सं झाली आमी एका गावात नांदून राहिलो. आता लेकरं भिंती मोजत फिरतेत. आन मोजायचंच तर आमच्या वाड्यात किती मान्सं गाडली गेली ते बी मोजा म्हनावं गुर्जीला. ते न्हाई मोजलं." अर्जात मात्र एवढंच होतं की शिक्षक पाठ्यपुस्तकात नसलेला मजकूर शिकवून गावात दुही माजवतात.

मी हे तुला सांगितलं तर तू चिडला नाहीस. "बरोबर हाय आबाचं. ते बी लिवू. पुडचं कोरं पान हाय की." तू खरंच आबांकडं जाणार होतास, त्यांच्याकडून त्यांच्या माणसांची नावं घेऊन यायला. त्याच्या आत कारणे दाखवा नोटीस आली, मग ताकीद आली, मग जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उदगीरच्या पुढं सीमेवर बदली झाली. मुख्याध्यापकांनी मुलांच्या पुस्तकांतली ती पानं काढून घेतली आणि लिफाफ्यात घालून कचेरीत जमा केली. आपलं एका गोष्टीवर त्या काळात कडाक्याचं भांडण झालं आणि ते मिटलंच नाही, म्हणून ते इथं लिहितो.

मी म्हणत होतो, पुस्तक साऱ्या राज्याचं आहे, त्यात काय असावं हे ठरवायला माणसं बसवलेली आहेत, तू कोण? तू म्हणत होतास, "छापील पान त्यांचं, मान्य हाय. पन कोरं पान छापलं कोनी? त्यांनीच ना? का कोरंच ठिवायला छापलं?" मी म्हटलं, बरं, तू चांगलं लिहिलंस. उद्या दुसऱ्या गावात तुझ्यासारखा नसलेला मास्तर त्याच पानावर विष लिहील. कुणाला तरी परकं ठरवील, लेकरांना एकमेकांत लावून देईल. मग तू म्हणशील सरकारनं बघावं. तेव्हा पान सरकारचं कसं होईल?

तू म्हणालास, "ह्याचं उत्तर न्हाई बग माज्याकडं. इचार करून सांगतो."

तू शब्दाचा पक्का होतास, म्हणून मी वाट बघत होतो. त्यानंतर आपण भेटायचो तेव्हा मला वाटायचं आज सांगेल. आता ते उत्तर माझं मलाच शोधावं लागेल, आणि माझी अक्कल तुला माहीत आहे.

तू केस केलीस. माझ्याशी न बोलता केलीस असं मी लोकांना सांगत आलो, ते खोटं आहे. तू विचारलं होतंस. मी म्हणालो होतो, कर. आणि अर्जासोबत तू जे कागद जोडलेस त्यात शेरेबुकातल्या त्या पानाची झेरॉक्स होती. वरिष्ठानं प्रत्यक्ष पाठ बघून शाबासकी दिली, याचा पुरावा. तुझ्या बाजूनं लेखी असा तो एकच कागद होता. बाकी सगळं म्हणजे नुसतं तू आणि पोरं.

एकदा तू पहाटेच्या एसटीनं तारखेला जाऊन परत आलास आणि औशाच्या स्टँडवर मला भेटलास. कसं झालं विचारलं तर चहात खारी बुडवत म्हणालास, "तिगं भांडून राहिले. सरकार म्हनतंय पुस्तक आमचं. समिती म्हनती शाळा आमची, कायद्यानं देखरेख आमची. माजा वकील म्हनतोय शिकवनं ह्याचं. लेकराचं काय हाय ते कोनी काडलंच न्हाई. मी बी न्हाई काडलं सायब, मला बोलू कुटं देतेत तितं?" मग तू हसलास. मला वाटलं, हा अजून हसतोय म्हणजे बरं चाललंय.

त्यानंतर मला लातूरला जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात बोलावणं आलं. टेबलावर माझ्या शेऱ्याची झेरॉक्स होती. हे अक्षर तुमचं का, म्हणून विचारलं. हो म्हटलं. मग विचारलं, केंद्रप्रमुख असून पाठ्यपुस्तकाबाहेरच्या गोष्टीला तुम्ही मान्यता दिली, असं आम्ही समजायचं का? माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती. मी म्हणालो, साहेब, शेरा आपण नेहमी लिहितो तसा लिहिला. माझ्या तोंडून ते आपोआप आलं. तेच त्यांना हवं होतं. शपथपत्र तिथंच टाइप झालं. सदर शेरा भेटीच्या नेहमीच्या औपचारिकतेचा भाग म्हणून, संबंधित पाठ प्रत्यक्ष न पाहता लिहिण्यात आला.

व्यंकट, शेरेबुकं भरून मी जे लिहीत आलो ते सगळं न पाहता लिहिलेलंच होतं, आणि त्याबद्दल मला कधी कुणी शपथ घालून विचारलं नाही. एकच पाठ मी डोळे भरून पाहिला. तोच पाहिला नाही म्हणून मी सही केली. सही नेहमीसारखीच झाली. तेही तुला सांगतो, कारण आता तुझ्याशी तरी खोटं बोलायचं नाही.

शपथपत्राची प्रत तुझ्या वकिलाकडं जाणारच होती. ती तुला मिळाल्यावर आपण पहिल्यांदा भेटलो ते पुन्हा औशाच्या स्टँडवरच. तू उदगीरकडून आला होतास, खांद्याला पिशवी, पाय सुजलेले. मी आधीच काहीतरी बोलायला सुरुवात केली. पाऊस, सोयाबीन, तुझी मुलगी, काय काय. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "सही लई झ्याक करतूस रे तू. डीएडपासूनच." नंतर चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून आपण नेहमीसारखं ओढाताण केली. एवढंच. तू शिवी दिली असतीस तर मी पायावर पडलो असतो. तू संधीच दिली नाहीस, आणि मी ती घेतलीही नसती, हेही खरं.

पुढच्या वर्षी पुस्तकं आली तर त्यांत कोरी पानंच नव्हती. काढून टाकली. मुलं वही वापरतातच, मग पानं कशाला, असं कारण सांगितलं गेलं. तुझ्या केसचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, वर कुणाला तुझं नावही माहीत नसेल. पण तुझा सगळा मुद्दा ज्या पानावर उभा होता ते पानच राहिलं नाही. तू फोनवर म्हणालास, "चला, भांडनच मिटलं." त्या वेळी तुझा आवाज मला पहिल्यांदा म्हाताऱ्यासारखा वाटला.

वहिनींनी काल आतल्या खोलीत बोलावून सांगितलं. "तिकडं गेल्यापासून ह्यांनी खडूच धरला न्हाई भाऊजी. पुस्तक उगडायचे, वाचून दाखवायचे, मिटायचे. लेकरं कानडी बोलायची, ह्यांना येत हुती की कानडी, पन वर्गात एक शबुद न्हाई काडला. पुस्तकात न्हाई म्हनायचे. मी म्हनलं, कामून असं करता? तर म्हनले, केसचा निकाल लागेपर्यंत असंच." ऐकताना मला तिथं बसवेना. तुझी किडनी गेली, साखर वाढली होती, एसटीचे हाल झाले, डॉक्टरनं सगळं सांगितलं. मला विचारशील तर तू त्या सीमेवरच्या वर्गात आधीच मेला होतास.

लातूरच्या दवाखान्यात मी तीनदा आलो. तिन्ही वेळा घरून ठरवून निघालो होतो. वाक्यही तयार होतं, व्यंकट, माझं चुकलं. तिसऱ्या वेळी तू डोळे उघडे ठेवून पडला होतास. मी स्टूल ओढून बसलो. तू म्हणालास, "तारीक कदी हाय?" मी म्हणालो, लागलीय, पुढच्या पंधरवड्यात. तू म्हणालास, "त्या कागदाचं काय जमतंय का बग." कोणत्या कागदाचं ते तू बोलला नाहीस. मला कळलं होतं. दुसरं शपथपत्र देता येतं, आधीचं दडपणाखाली दिलं म्हणून सांगता येतं, हे तुझ्या वकिलानं मला केव्हाच सांगितलं होतं. मी तुझ्या पायावरची चादर सारखी केली आणि म्हणालो, बघतो.

बघतो म्हणालो मी. चार दिवसांनी तू गेलास.

आबा आले होते काल. काठी टेकत मांडवाच्या कडेला बसले, जेवले नाहीत. मी निघताना त्यांनी माझा हात धरला. "सायब, मला गुर्जीला घालवायचं नव्हतं हो. मला निसती ती पानं नको हुती." मी त्यांच्याजवळ बसलो. त्यांना वाटत होतं मी त्यांना दोष देईन. मी कुठल्या तोंडानं देणार? त्यांनी अर्जात लिहिलं ते त्यांना खरं वाटत होतं म्हणून लिहिलं. असं म्हणायची सोय मला नाही.

वकिलाचा फोन ठेवला आणि आज मी सरळ तुझ्या जुन्या शाळेत गेलो. भेटीचा दिवस नव्हता. तुझ्या जागेवर आलेली मुलगी नवी आहे, चांगली आहे, घाबरट आहे. चौथीचा वर्ग, क्षेत्रफळच चालू होतं. आयताकृती बाग. तिनं सूत्र लिहिलं, पोरांनी उतरवून घेतलं, कुणी उठून काही विचारलं नाही. खिडकीतून समोरची घरं दिसत होती, तीन आकारांची. मी मागच्या बाकावर पाठ संपेपर्यंत बसलो. ती दर दोन मिनिटांनी माझ्याकडं बघत होती.

निघताना मुख्याध्यापकांनी शेरेबुक आणलं. नवीन आहे, जुनं कोर्टाच्या कागदांत अडकलंय. पहिलं पान कोरं होतं. शाळेला नव्या शेरेबुकात पहिला शेरा माझाच हवा, म्हणाले. मी पेन उघडलं. मला तुझ्याबद्दल लिहायचं होतं. इथं एक शिक्षक होते, त्यांचा एक पाठ मी स्वतः पाहिला होता, एवढंच लिहायचं होतं. दोन ओळी. आता तर मला कुणी काही करूही शकत नाही, पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. मागं दारात कोणी नव्हतं, तरी मी वळून बघितलं.

परिसर स्वच्छ. विद्यार्थी नीटनेटके. अध्यापन पाठ्यपुस्तकानुसार. समाधानकारक.

मग खाली सही केली. सही झ्याक आलीय, व्यंकट.